एअरब्रशची निगा : वैशाखातली आणि आषाढातली

आषाढ लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची लगबग सुरू होते. पेण, हमरापूर, जोहे या रायगडातल्या गावांतून आणलेल्या कच्च्या मूर्ती आणि इथेच घडवलेल्या शाडूच्या मूर्ती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या असतात. अंगाचा मूळ रंग मोठ्या स्प्रे गनने बसतो. गालावरची लाली, सोंडेच्या वळणातली सावली, पितांबराच्या निऱ्यांत गडद होत जाणारी छटा हे काम एअरब्रशचं. डोळ्यांची आखणी तेवढी बारीक कुंचल्याने, हाताने होते.

हे साधन आता कारखान्यापुरतं उरलेलं नाही. घरचा गणपती स्वतः रंगवणारे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवणारे, हेल्मेट किंवा बाईकच्या टाकीवर चित्र काढणारे, विमानांची आणि रणगाड्यांची छोटी मॉडेलं जोडणारे अशा हौशी हातांतही ते आलं आहे. छोट्या कॉम्प्रेसरसकट संच घरपोच मिळतो. पहिल्या मूर्तीवर छटा छान उतरते. मग एक दिवस गन थेंब उडवू लागते, रंग तिरका जातो, ट्रिगर अडकतो आणि संच माळ्यावर जातो. ‘गन बिघडली’ असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. दोष तिघांपैकी एकाचा असतो : आत वाळलेला रंग, हवेबरोबर आलेलं पाणी किंवा नको तिथे लावलेला जोर. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पहिल्या दोघांचे हंगामही ठरलेले आहेत. वैशाखात रंग वाळतो, आषाढात पाणी येतं. कुठला दोष कुठे आणि का उपजतो हे कळलं, की सफाईला फार वेळ लागत नाही.

आत काय घडतं

एअरब्रशची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस पहिलं साधन बनवलं. हवा आणि रंग टोकापाशी, आतल्या आत एकत्र आणणारी आजच्या वळणाची रचना चार्ल्स बर्डिक यांनी १८९० च्या दशकात आणली. मूळ तत्त्व तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

आज सर्रास मिळणारा एअरब्रश ‘डबल ॲक्शन’ प्रकारचा असतो. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग. गनच्या पोटातून शेवटापर्यंत एक लांब सुई जाते. तिचं निमुळतं टोक पुढच्या नोझलमध्ये बसतं आणि नळाच्या चावीसारखं रंग अडवतं. ट्रिगर मागे घेतला की सुई मागे सरकते आणि तिच्याभोवती बारीक फट उघडते. नोझलच्या भोवतालून हवा वेगाने बाहेर पडत असते. तिथे दाब कमी होतो, रंग बाहेर ओढला जातो आणि हवेच्या झोतात फुटून त्याचे बारीक तुषार होतात.

हौशी कामासाठी नोझलचं भोक ०.२ ते ०.५ मिलिमीटर असतं. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण सफाईचं सगळं गणित त्यावर उभं आहे. ०.३ मिलिमीटरच्या भोकाला आतून सगळीकडे ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर चिकटला तर ०.२ मिलिमीटर वाट उरते. व्यास तिसऱ्या हिश्श्याने घटला तरी वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं. डोळ्यांना न दिसणारा थर रंगाची धार बिघडवतो तो असा.

दुसरी नाजूक जागा सुईच्या मधोमध, रंगाच्या वाटीच्या मागे असते. तिथे टेफ्लॉनची किंवा रबरी छोटी पॅकिंग असते. सुई तिच्यातून मागेपुढे होते, पण रंग मागे ट्रिगरकडे येत नाही. ही पॅकिंग सैल पडली किंवा झिजली की रंग ट्रिगरच्या घरात शिरतो आणि तिथे वाळतो. ट्रिगर जड होतो. वाटी कितीही धुतली तरी हा दोष जात नाही, कारण तो वाटीत नसतोच.

रंग बदलताना

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग हल्ली जास्त वापरात आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि विषारी रसायनांच्या रंगांऐवजी नैसर्गिक, बिनविषारी रंग वापरायला सांगितलं. थिनरच्या वासातून सुटका होते हे चांगलंच. पण ॲक्रिलिकची एक खोड माहीत हवी. ओलं असेपर्यंत ते पाण्याने धुऊन निघतं. पाणी उडालं की त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि मग पाणी त्याला विरघळवू शकत नाही. चित्रकलेच्या वर्गातल्या जलरंगाची वडी वाळली तरी ओल्या कुंचल्याने पुन्हा जागी होते. ॲक्रिलिकचं तसं नाही. म्हणून ‘जेवून येतो आणि धुतो’ हे चालत नाही.

एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना गन उघडायची गरज नसते. वाटीतला उरलेला रंग परत बाटलीत न ओतता वेगळ्या डब्यात काढा. वाटीची भिंत ओल्या कापडाने किंवा टिश्यूने पुसा. अर्धी वाटी पाणी घ्या, मऊ कुंचल्याने वाटीचा तळ ढवळा, तेही डब्यात ओता. पुन्हा थोडं पाणी घ्या आणि ट्रिगर पूर्ण मागे ओढून झाकणाच्या बरणीत फवारा. मग टोकावर ओलं मऊ कापड हलक्या बोटाने धरा, हवा सोडा आणि ट्रिगर किंचित मागे घ्या. पुढची वाट बंद झाल्याने हवा उलटी फिरते आणि वाटीत बुडबुडे येतात. नोझलमध्ये अडकलेला रंग याच हवेबरोबर वर येतो. मघाशी स्वच्छ दिसणारं पाणी पुन्हा गढूळ झालेलं दिसेल. ते ओतून द्या आणि पाणी नितळ राहीपर्यंत हेच करा. चार वेळा थोडं थोडं पाणी वापरणं हे एकदा भरपूर ओतण्यापेक्षा जास्त कामाचं. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, तरी तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे हा हिशोब विशेष कामाचा आहे. सगळी धुलाई पेलाभर पाण्यात नीट होते.

गडद रंगानंतर पांढरा किंवा फिका रंग घ्यायचा असेल, तर पाण्यानंतर एअरब्रश क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. मात्र क्रम पाळा : आधी पाणी, मग अल्कोहोल. काही ॲक्रिलिक रंगांत थेट अल्कोहोल पडलं तर रंग फाटून त्याच्या गुठळ्या होतात आणि ज्या गुठळ्या काढायच्या त्याच तयार होऊन बसतात. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. त्यात सुटे भाग भिजत ठेवू नका. वरचा क्रोमचा थर जिथे घासला गेला असेल तिथे अमोनिया खालच्या पितळेला खातो.

दिवस संपताना

दिवसाचं काम आटोपलं की सुई काढायची. वाटी आणि वाट धुऊन झाल्यावरच ती काढा. आधीच मागे ओढली तर टोकावरचा ओला रंग पॅकिंगमधून ट्रिगरच्या घरात ओढला जातो. मागचा दांडा उघडून सुई धरणारा नट सैल करा आणि सुई सरळ रेषेत, सावकाश बाहेर घ्या.

आता ती उजेडात धरून पाहा. निमुळत्या भागावर रंगाचं एक फिकट कडं दिसतं. नोझल जिथे सुईला टेकतं ती ही जागा. क्लीनरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या घडीत सुई ठेवा आणि जाड बाजूकडून टोकाकडे फिरवत पुसा. टोकाकडून मागे कधीही पुसू नका. टोक कापडात अडकून वाकतं आणि बोटातही घुसतं. टोक वाकलंय का हे नखावरून हलकेच फिरवल्यावर कळतं. खरखर लागली तर समजावं की टोकाला आकडा आला आहे. अगदी किंचित वाकलेलं टोक बारीक पॉलिश पेपरवर, सुई फिरवत सरळ करता येतं. त्यापुढे गेलं तर नवी सुई घेणंच बरं.

नोझल रोज काढू नये. फवारा बिघडला किंवा हट्टी रंग बसला तरच काढावं. अनेक गनमध्ये ते तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नसतं आणि त्याची आटे असलेली मान फार बारीक असते. संचाबरोबर आलेल्या छोट्या पान्यानेच फिरवा. खाली पांढरं कापड अंथरा, मोरीजवळ हे काम करू नका. काढलेलं नोझल झाकणभर क्लीनरमध्ये पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि कुंचल्याच्या एकाच ताठ केसाने किंवा दातांच्या फटी साफ करायच्या सर्वांत बारीक ब्रशने मागच्या, रुंद बाजूने साफ करा. शिवणाची सुई, टाचणी, तारेचा तुकडा आत घालू नका. पितळ मऊ असतं, भोकाला ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून रंग कायमचा एका बाजूला फेकला जातो.

नोझल परत बसवताना बोटाने जेवढं फिरतं तेवढं फिरवा आणि पान्याने शेवटचा अगदी हलका पिळा द्या. जोर लावला तर मान तुटून तुकडा आत राहतो. सुई घालतानाही तेच. ती अडेपर्यंत सरकवा आणि अडली की थांबा. ‘नीट बसली का बघू’ म्हणून दाबली तर सुईचं टोक पाचरीसारखं घुसून नोझलचं तोंड रुंदावतं किंवा चिरतं. हौशी हातांत नोझल जातं ते बहुतेक असंच. शहापूरहून नवं नोझल आणायचं म्हणजे आसनगावहून लोकल धरून कल्याण किंवा थेट मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा हार्डवेअर बाजार गाठायचा, नाहीतर ऑनलाइन मागवून वाट पाहायची. त्यात आपल्याच मॉडेलचं मिळायला हवं, कारण एका गनची सुई किंवा नोझल दुसरीला बहुधा चालत नाही. एक जास्तीची सुई आणि एक जास्तीचं नोझल घरात हवंच.

अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची सवय काही ठिकाणी दिसते. ती सोडा. आतल्या रबरी ओ-रिंग थिनरने फुगतात आणि हवेची झडप गळू लागते. भिजवायचे ते फक्त नोझल, पुढची टोपी आणि सुई. बाकी भाग ओल्या कापडाने पुसले की पुरे. ट्रिगरला आणि सुईच्या मागच्या भागाला एअरब्रशसाठी मिळणारं वंगण टाचणीच्या टोकाएवढं लावा. घरातलं तेल आणि सिलिकॉनचा स्प्रे नको. त्याचा अंश रंगात मिसळला की मूर्तीवर रंग फाकतो आणि गोल डाग उमटतात.

वैशाखात : टोकावर वाळणारा रंग

एप्रिल-मे महिन्यांत मुरबाड-शहापूरकडे ऊन तापतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच. तेव्हा ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. हवेचा झोत अखंड त्या टोकावरून जात असतो, म्हणजे सर्वांत लवकर वाळणारी जागा तीच. वाळलेला रंग टोकावर साठतो, मग एकदम सुटतो आणि स्वच्छ छटेवर थेंब पडतो.

उपाय साधे आहेत. बारीक काम सकाळी करा. पंखा गनवर थेट येऊ देऊ नका. रंग पुरेसा पातळ असू द्या : वाटीच्या भिंतीवरून ओघळून मागे पातळ, सलग थर सोडेल इतका. दाब १५ ते २० पीएसआयच्या आसपास ठेवा. दाब जितका जास्त, तितका टोकावर रंग लवकर वाळतो. रंगात त्याच कंपनीचं रिटार्डर थेंबभर घातलं तर वाळणं लांबतं. दर काही मिनिटांनी ओल्या कुंचल्याने टोक पुसून घ्या. हात थांबला की आधी वाटीवर झाकण ठेवा.

मूर्तिकामातले लस्टर रंग वेगळी काळजी मागतात. त्यांची चमक अभ्रकाच्या चपट्या कणांची असते. हे कण विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि बारीक नोझलमध्ये आडवे येतात. लस्टरसाठी ०.५ मिलिमीटरचं नोझल घ्या, रंग जुन्या पातळ सुती किंवा नायलॉनच्या कापडातून गाळून घ्या आणि वाटी अधूनमधून ढवळत राहा.

या भागात बोअरवेलचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. ते गनमध्ये वाळलं की क्षाराचा पांढरट थर राहतो. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याने करावी. चमचाभर पुरतं.

आषाढात : नळीतलं पाणी

पावसाळ्यात दोष रंगाचा राहत नाही, हवेचा होतो. ३० अंश सेल्सिअसला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आषाढात आर्द्रता ९० टक्के असली तर त्यात २७ ग्रॅम वाफ असतेच. कॉम्प्रेसर ही हवा दाबून समजा चौथ्या हिश्श्यात कोंबतो. टाकीत ती पुन्हा थंड झाली की त्या कमी झालेल्या जागेत साडेसात ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या जवळपास २० ग्रॅम वाफेचं पाणी होतं. एअरब्रश मिनिटाला १५ लिटर हवा खात असेल तर तासाभरात घनमीटरहून थोडी कमी हवा लागते, म्हणजे तासाला साडेतीन चहाचे चमचे पाणी टाकीत आणि नळीत जमतं. मे महिन्यात ३८ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता धरून हाच हिशोब केला तर घनमीटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास पाणी निघतं. उन्हाळ्यात कधी न जाणवलेला त्रास पहिल्या पावसात उभा राहतो तो या फरकामुळे.

हे पाणी थेंबाथेंबाने गनपर्यंत येतं आणि गालाच्या छटेवर पांढरट ठिपका पडतो. आपण नोझल धूत बसतो आणि दोष नळीत असतो. ओळखायची खूण सोपी : वाटी रिकामी आणि कोरडी करून आरशावर नुसती हवा सोडा. ठिपके आले तर पाणी हवेतूनच येतंय.

टाकीखालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी, टाकीत थोडा दाब असतानाच उघडा म्हणजे पाणी जोरात बाहेर पडतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीतून गंजाचं लाल पाणी येतं आणि तोच गंज पुढे नोझलमध्ये जातो. रेग्युलेटरजवळचा वॉटर ट्रॅप असतोच, पण तिथे हवा अजून गरम असते, म्हणून वाफ तिथून तशीच निसटते आणि पुढे नळीत थंड होऊन तिचं पाणी होतं. म्हणून गनच्या खाली लावायचा दुसरा छोटा ट्रॅप पावसाळ्यात हवाच. नळी लांब घ्या आणि ती गनच्या पातळीखालून येऊ द्या म्हणजे पाणी खोलगट भागात साठेल. कॉम्प्रेसर अखंड चालवू नका. तो जितका तापतो तितकी पुढे गरम, ओली हवा पाठवतो. नळीच्या जोडांना टेफ्लॉन टेप लावा आणि साबणाचं पाणी लावून गळती पाहा. गळकी नळी कॉम्प्रेसरला विनाकारण जास्त पळवते आणि पाणीही वाढवते.

लक्षणावरून निदान

वाटीत आपोआप बुडबुडे येत असतील तर हवा उलटी शिरते आहे : नोझल सैल आहे, त्याच्या बैठकीवर रंग चिकटला आहे किंवा नोझल चिरलं आहे. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचं टोक वाकलं आहे किंवा नोझलच्या तोंडाला रंगाचा कण आहे. ट्रिगर मागे न घेताही रंग येत असेल तर सुई पूर्ण पुढे बसलेली नाही किंवा नोझल रुंदावलं आहे. ट्रिगर सोडल्यावर परत येत नसेल तर पॅकिंगमागे रंग वाळला आहे. ट्रिगर न दाबताही हवा सुटत असेल तर हवेची झडप तपासा. आणि रंग अजिबात येत नसेल तर आधी वाटीचं झाकण उघडा. झाकणाचं बारीक भोक बुजलं की आत हवा जात नाही आणि रंग खाली उतरत नाही.

फवारलेलं आणि धुतलेलं कुठे जातं

सफाईतच सर्वांत जास्त तुषार आपल्या नाकात जातात, कारण तेव्हा आपण मास्क काढलेला असतो. पाण्याच्या रंगालाही एन-९५ मास्क हवा. थिनर वापरत असाल तर सेंद्रिय वाफा अडवणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवा, उघडी खिडकी हवी आणि जवळ चूल, समई, उदबत्ती असं काहीही पेटतं नको. मोकळ्या हवेत फवारून गन धुण्याऐवजी झाकणाच्या बरणीत फवारा.

धुतलेलं पाणी मोरीत किंवा ओहोळात सोडू नका. शहापूर-मुरबाडच्या शिवारातलं पाणी भातसा, काळू अशा नद्यांकडे आणि धरणांकडे जातं. विहिरीही त्याच उतारावर आहेत. रंगाचं पाणी एका बादलीत साठवा, त्यात तुरटी फिरवा आणि रात्रभर ठेवा. गढूळ पाणी निवळायला आपण तुरटी वापरतो तशीच ती रंगाचे कण एकत्र आणून तळाशी बसवते. वरचं पाणी कापडातून गाळा, खालचा गाळ उन्हात वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. थिनर वेगळ्या बाटलीत ठेवा. तळ बसला की वरचा नितळ थिनर पहिल्या धुलाईला पुन्हा चालतो.

विसर्जन झालं की गन वर्षभराकरिता ठेवताना सुई आणि नोझल क्लीनरने स्वच्छ करा, बॅटरीच्या पाण्याने धुवा आणि गन उघडी वाळवा. सुई किंचित मागे ठेवून नट आवळा, टोकावर टोपी लावा. टाकी रिकामी करा, ड्रेन कॉक उघडाच राहू द्या. पुढच्या ज्येष्ठात कामाची घाई सुरू व्हायच्या आधी एकदा सगळं जोडून नुसत्या पाण्याने फवारून पाहा. ओ-रिंग कडक झाली असेल, पॅकिंग सैल असेल तर ती मागवायला तेव्हा वेळ असतो. अशी निगा राखलेली साधी, स्वस्त गनही पुष्कळ वर्षं साथ देते. गनशी झगडा उरला नाही, की नवशिक्याचंही सगळं लक्ष मूर्तीच्या गालावर उतरणाऱ्या छटेवर राहतं. एअरब्रश हातात घ्यायचा तो त्यासाठीच.